स्थितिक विद्युत आणि पुस्तकांनी गाळलेली १८५ वर्षे

१/ इ.स. १६०० मध्ये विल्यम गिल्बर्टचा चुंबकावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. इ.स. १७८५ मध्ये शार्ल कूलोमने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपला पीळतराजू मांडला. या दोन घटनांत १८५ वर्षांचे अंतर आहे. बारावीच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत ते दोन-तीन परिच्छेदांत ओलांडले जाते. कंगवा केसांवर घासला, कागदाचे कपटे उचलले गेले, प्रभार दोन प्रकारचे असतात, आणि लगेच कूलोमचा नियम.

२/ याचा परिणाम वर्गावर्गांत दिसतो. विद्यार्थी सूत्र पाठ करतो, गणितेही सोडवतो. पण 'प्रभार नसलेला कागद कंगव्याकडे का ओढला जातो?' या साध्या प्रश्नाशी अडखळतो. मग निकाल लागतो की मुलगा कच्चा आहे, त्याला भौतिकशास्त्र झेपणार नाही. पुष्कळदा हा निकाल तो स्वतःच स्वतःविरुद्ध देतो आणि विषयाला कायमचा रामराम ठोकतो.

३/ हा निकाल अन्यायाचा आहे आणि त्याविरुद्धचा पुरावा इतिहासात पडून आहे. आजचा विद्यार्थी जिथे ठेचकाळतो, त्यांतील बहुतेक ठिकाणी युरोपातले उत्तमोत्तम प्रयोगकर्ते दशकानुदशके ठेचकाळत होते. पुस्तकांनी त्यांची उत्तरे जपली आणि प्रश्न फेकून दिले. प्रश्नावाचून हाती आलेले उत्तर पाठ करता येते, समजून घेता येत नाही. या धाग्याचे प्रतिपादन एवढेच आहे. पुढे एकेक ठेच तपासू.

४/ प्रारंभ एका खड्यापासून. अश्मीभूत राळेच्या या पिवळसर खड्याला संस्कृतातून आलेले नाव आहे 'तृणमणी', म्हणजे गवताची काडी ओढणारा मणी. फारसीतल्या 'कहरुबा'चाही अर्थ काडी पळवणारा असाच होतो. ग्रीक लोक त्याला 'इलेक्ट्रॉन' म्हणत. म्हणजे हा गुण अनेक संस्कृतींना परिचित होता. शब्दांतच तो कोरलेला होता. तरीही त्याचे शास्त्र झाले नाही, कारण तो एका विशिष्ट दगडाचा चमत्कार समजला जात होता.

५/ गिल्बर्टने हा चमत्कार मोडून काढला. टोकावर सहज फिरणारी धातूची हलकी सुई घेऊन त्याने नाना पदार्थ घासून पाहिले. काच, गंधक, लाख, कित्येक रत्ने, सर्वच सुईला ओढू लागले. चुंबकापासून हा गुण वेगळा असल्याचेही त्याने दाखवले. चुंबकाला घासावे लागत नाही; तृणमणीला लागते. चुंबक लोखंडासारखे मोजके पदार्थ ओढतो. तृणमणी कोणतीही हलकी वस्तू ओढतो. मध्ये कागद धरला तर तृणमणीचे ओढणे थांबते, चुंबकाचे थांबत नाही.

६/ पहिली ठेच इथलीच. 'धन प्रभार म्हणजे उत्तर ध्रुवासारखा' असे मानणारे विद्यार्थी आजही प्रत्येक वर्गात भेटतात. त्यांना 'चूक' असे सांगून भागत नाही, कारण आकर्षण-प्रतिकर्षणाचे साम्य खरोखरच आहे. गिल्बर्टची तुलना फळ्यावर मांडली आणि सुई-कंगवा-चुंबक समोर ठेवले, तर अर्ध्या तासात दोहोंची फारकत होते. पुस्तकात या तुलनेला जागा नसते.

७/ दुसरी ठेच अधिक खोल आहे. गिल्बर्टला केवळ आकर्षण दिसले होते. ओढलेले कण परत उडतात ही नोंद इटलीतील निकोलो काबेओने १६२९ मध्ये केली. जर्मनीतील ओटो फोन गेरिकेने गंधकाच्या गोळ्याने पीस हवेत तरंगत ठेवले. तरी प्रतिकर्षण हा विद्युतेचा मूलभूत गुण आहे असे कोणाला वाटले नाही. ते प्रस्थापित व्हायला १७३३ साल उजाडले.

८/ पाठ्यपुस्तक मात्र पहिल्याच पानावर जाहीर करते, 'सजातीय प्रभारांत प्रतिकर्षण, विजातीयांत आकर्षण.' विद्यार्थी ते प्रामाणिकपणे स्वीकारतो आणि तर्क करतो की कागद ओढला गेला, म्हणजे कागदावर विजातीय प्रभार असलाच पाहिजे. दिलेल्या माहितीवरून हा तर्क बिनचूक आहे! दोष आहे तो क्रमाचा. जे सर्वांत आधी दिसले आणि सर्वांत उशिरा समजले, ते प्रभार नसलेल्या वस्तूचे आकर्षण पुस्तक ओझरते उल्लेखून पुढे जाते.

९/ याचा उलगडा व्हायला आधी वाहक आणि विसंवाहक यांतला भेद कळणे आवश्यक होते. तो भेद शोधला स्टीफन ग्रे या साठी उलटलेल्या गृहस्थाने. व्यवसायाने तो रंगारी. उतारवयात लंडनच्या चार्टरहाउस या धर्मादाय निवासात राहत होता. १७२९ मध्ये त्याच्या लक्षात आले की काचनळी घासल्यावर तिच्या तोंडातले बूचही पीस ओढते. बुचाला तर कोणी घासले नव्हते. मग हा गुण काचेतून बुचात गेला कसा?

१०/ ग्रेने बुचाला काठी जोडली, काठीला हस्तिदंती गोळी, मग काठीऐवजी लांब दोरा. गुण पोहोचतच राहिला. दोरा आडवा नेण्यासाठी तो तुळईला सुतळीने टांगला, तेव्हा मात्र सारे विफल झाले; गुण सुतळीतून तुळईत पळून गेला. ग्रॅनव्हिल व्हीलर या मित्राने रेशमाचा धागा सुचवला. रेशीम बारीक असल्याने गळती कमी होईल, असे दोघांना वाटले. प्रयोग यशस्वी झाला.

११/ पुढे वजनाने रेशीम तुटले. मग तितकीच बारीक, पण मजबूत अशी पितळी तार लावली, आणि प्रयोग पुन्हा फसला! तेव्हा उमगले की जाडीचा काही संबंध नाही. रेशीम हे रेशीम असल्यामुळे चालते. वाहक आणि विसंवाहक हा भेद एका तुटलेल्या धाग्याने आणि एका चुकलेल्या अंदाजाने जन्माला घातला. पुस्तकात त्याची दोन व्याख्यांची चौकट उरली आहे.

१२/ इथे इतिहास एक मार्मिक उलटापालटही दाखवतो. गिल्बर्टच्या परंपरेत काच, लाख, राळ हे 'विद्युतधर्मी' पदार्थ होते आणि धातू विद्युतहीन मानले जात, कारण हातात धरून घासलेल्या धातूचा प्रभार हातातूनच निघून जातो. आजचा विद्यार्थी तारा आणि बटणे पाहत वाढतो. त्याला नेमके उलटे वाटते, की विसंवाहकात वीज नसतेच, त्यामुळे त्यावर प्रभार राहणार तरी कसा? दोन्ही समजुती एकमेकींसमोर ठेवल्या की 'प्रभार असणे' आणि 'प्रभार वाहणे' या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे आपोआप उघड होते.

१३/ १७३३. पॅरिसच्या राजोद्यानाचा प्रमुख शार्ल द्यु फे याने घासलेल्या काचेने सोन्याचा वर्ख दूर लोटला. तोच वर्ख घासलेल्या राळेजवळ नेला. तो दूर पळेल अशी त्याची अपेक्षा होती. वर्ख राळेला जाऊन चिकटला. या अनपेक्षित निकालातून 'काचेची' आणि 'राळेची' अशा दोन विद्युतांची कल्पना निघाली. प्रभार दोनच प्रकारचे का, तीन का नाहीत, हा विद्यार्थ्याचा प्रश्न खुळचट नाही. उत्तर प्रयोगाचे आहे. तिसऱ्या प्रकारे वागणारी वस्तू आजवर सापडलेली नाही.

१४/ तिसरी ठेच अशी की 'घासल्याने प्रभार निर्माण होतो.' असे न वाटणेच अस्वाभाविक! याला छेद दिला फिलाडेल्फियाच्या बेंजामिन फ्रँकलिनने, १७४७ च्या सुमारास. दोन माणसे मेणावर उभी केली. एकाने काचनळी घासली, दुसऱ्याने तिच्यातून ठिणगी घेतली. जमिनीवरच्या तिसऱ्या माणसाला दोघेही विद्युतभारित आढळले. पण त्या दोघांनी एकमेकांना स्पर्श केला तेव्हा ठिणगी अधिक जोराची पडली आणि नंतर दोघांतही काही उरले नाही.

१५/ एकाकडे अधिक झाले तेवढेच दुसऱ्याकडे उणे. अधिक आणि उणे ही चिन्हे या हिशेबातून आली. घासणारा हात पुस्तकाच्या चित्रातून गायब असतो; कंगवा तेवढा दिसतो. हिशेबाची दुसरी बाजूच कापल्यावर प्रभाराच्या अक्षय्यतेवर विद्यार्थ्याने विश्वास का ठेवावा? शिवाय कोणाला 'अधिक' म्हणायचे हा फ्रँकलिनचा केवळ अंदाज होता. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने ओळखलेला इलेक्ट्रॉन 'उणे' बाजूचा निघाला. धारेची दिशा आणि इलेक्ट्रॉनांची दिशा उलट का, याचे उत्तर निसर्गात शोधत विद्यार्थी शिणतो. ते दडले आहे अठराव्या शतकातल्या एका निवडीत.

१६/ फ्रँकलिनची कसोटी लागली ती लायडनच्या बरणीवर. १७४५-४६ मध्ये पोमेरेनियातील क्लाइस्ट आणि हॉलंडमधील लायडनचा मुशेनब्रुक यांना स्वतंत्रपणे असे आढळले की पाण्याची काचबरणी हातात धरून प्रभारित केली तर भयंकर झटका बसतो. तत्कालीन नियम सांगत असे की प्रभार साठवायचा तर भांडे विसंवाहकावर ठेवा. इथे ते हातात, म्हणजे जमिनीशी जोडलेले असल्याखेरीज काहीच घडत नव्हते. विद्वान चक्रावले.

१७/ फ्रँकलिनचे स्पष्टीकरण असे की आत जितके अधिक, बाहेर तितकेच उणे. बाहेरचे निघून जायला वाट हवी, म्हणून हात हवा. धारित्राच्या धड्यात 'एका पट्टीवर धन, दुसरीवर ऋण प्रभार' हे वाक्य येते, तेव्हा 'दुसऱ्या पट्टीला जमिनीशी का जोडायचे?' असे विचारणारा विद्यार्थी मुशेनब्रुकच्याच कोड्यापाशी उभा असतो. त्याला कोडे सांगितले जात नाही. सूत्र दिले जाते.

१८/ आता कागदाच्या कपट्याकडे परत. १७५३ मध्ये जॉन कँटन या लंडनच्या शाळाशिक्षकाने दाखवले की घासलेली काच नुसती जवळ आणली तरी दोऱ्याने टांगलेल्या बुचाच्या गोळ्या फाकतात आणि काच दूर नेताच मिटतात. स्पर्श नाही, तरी परिणाम आहे. एपिनस आणि विल्के यांनी ही प्रवर्तनाची कल्पना पुढे नेली. १७५९ च्या ग्रंथात एपिनसने विद्युतेचे 'सूक्ष्म स्राव' आणि 'वातावरणे' बाजूला सारली आणि अंतरावरून घडणाऱ्या आकर्षण-प्रतिकर्षणाचा नीट हिशेब मांडला.

१९/ कागदातला प्रभार किंचितसा सरकतो. विजातीय बाजू कंगव्याच्या जवळ येते, सजातीय दूर जाते. जवळच्या बाजूवरील ओढ दूरच्या बाजूवरील रेट्याहून थोडी अधिक ठरते, आणि कागद उडी मारतो. म्हणजे या बालप्रयोगाचे उत्तर मिळण्यासाठी दोन प्रकारचे प्रभार, प्रवर्तन आणि अंतराबरोबर घटणारे बल, एवढे सारे हाती हवे. मानवी बुद्धीला त्यासाठी दीडशे वर्षे लागली. वर्गात त्यासाठी एक वाक्य मिळते.

२०/ मग कूलोम. त्याने पीळतराजूची तीन निरीक्षणे छापली. गोळ्यांतील अंतर ३६ अंश असताना तारेचा पीळ ३६ अंश; १८ अंशांवर १४४; साडेआठ अंशांवर ५७५.५. अंतर निम्मे, पीळ चौपट. तिसऱ्या आकड्यात थोडी तफावत आहे. ९ अंशांवर ५७६ आले असते तर हिशेब चोख बसला असता. प्रभार हवेत गळतो हे कूलोमला ठाऊक होते आणि त्या गळतीवर त्याने वेगळा निबंध लिहिला. विसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत पीटर हीरिंगने हा प्रयोग उभारला तेव्हा त्याला हे आकडे मिळाले नाहीत. पुढे आल्बेर्तो मार्तीनेसला मिळाले. इतका तो नाजूक आहे.

२१/ तीन निरीक्षणांवर एवढा मोठा नियम? असा संशय ज्या विद्यार्थ्याला येतो तो खरा वैज्ञानिक वृत्तीचा. त्याच्यासाठी इतिहासात दुसरा, अधिक बळकट पुरावा आहे. विद्युतभारित धातूच्या भांड्यात सोडलेली बुचाची गोळी भांड्याच्या आतल्या बाजूकडे ओढली जात नाही, हे फ्रँकलिनने पाहिले होते. १७६७ मध्ये जोसेफ प्रिस्टलीने त्यावरून अनुमान काढले की न्यूटनच्या सिद्धांतानुसार पोकळ गोलाच्या आत गुरुत्व शून्य असते. तर मग विद्युतबलही अंतराच्या वर्गाच्याच व्यस्त प्रमाणात असले पाहिजे.

२२/ हेन्री कॅव्हेंडिशने १७७२-७३ मध्ये एकात एक गोल ठेवून हे तपासले आणि घातांक २ पासून एक-पन्नासांशाहून अधिक ढळत नाही असे ठरवले. त्याने ते छापलेच नाही. मॅक्सवेलने १८७९ मध्ये त्याची टिपणे प्रकाशित केली. १९७१ ची अत्यंत सूक्ष्म चाचणीही पोकळ कवचाच्याच तत्त्वावर आधारलेली होती. पुस्तके मात्र आधी कूलोम, मग गाउस, आणि शेवटी उदाहरण म्हणून 'पोकळ वाहकाच्या आत क्षेत्र शून्य' अशी मांडणी करतात. जो पुरावा होता तो गृहपाठ झाला.

२३/ चौथी ठेच विद्युतक्षेत्राची. फॅरडेचे गणित तोकडे होते. म्हणून त्याने बलरेषा रेखाटल्या. १८३७ च्या सुमारास त्याने दाखवले की दोन गोलांमध्ये हवेऐवजी लाख किंवा गंधक भरले तर साठणारा प्रभार बदलतो. मधली जागा रिकामी प्रेक्षक नाही, तीही व्यवहारात सहभागी आहे. क्षेत्राची कल्पना या हट्टातून आली. ज्याला हा हट्ट सांगितला जात नाही, त्याला क्षेत्र म्हणजे 'बल भागिले प्रभार' एवढेच वाटते, आणि रेषा म्हणजे खरोखरीचे दोरे. १९९३ मध्ये स्टॉकहोममध्ये झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की एकमेकींना छेदणाऱ्या बलरेषांतही अनेक विद्यार्थ्यांना वावगे दिसत नाही.

२४/ पाचवी ठेच विभवाची. नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ग्रीन या गिरणीवाल्याने, शालेय शिक्षण जेमतेम असताना, १८२८ मध्ये विभवाच्या गणिताचा निबंध वर्गणीदार जमवून छापला. वर्गणीदार होते ५१. १८४१ मध्ये ग्रीन वारला. १८४५ मध्ये तरुण विल्यम थॉमसनच्या हाती निबंध पडला, तेव्हा कुठे युरोपातल्या गणितज्ञांनी त्याची दखल घेतली. जी कल्पना विद्वत्समाजाला सतरा वर्षे दिसली नाही, ती विद्यार्थ्याला एका तासिकेत न उमगणे हा अपराध कसा?

२५/ नेहमीची चूक अशी की 'विभव शून्य, म्हणजे क्षेत्रही शून्य.' सह्याद्री पाहिलेल्या मुलाला हे समजावणे अवघड नाही. विभव म्हणजे उंची, क्षेत्र म्हणजे उतार. पठारावर उंची भरपूर, उतार नाही. घाटात उतार तीव्र. उंची कुठून मोजायची ते मात्र माणूस ठरवतो. दोन समान विजातीय प्रभारांच्या मध्यबिंदूवर विभव शून्य, पण उतार आहे. सजातीयांच्या मध्यबिंदूवर उतार नाही, पण विभव आहे.

२६/ आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की सर्व चुका ऐतिहासिक नसतात. हे मान्य केलेच पाहिजे. मोठा प्रभार लहान प्रभारावर अधिक बल लावतो, असे विद्यार्थ्यांना वाटते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रश्नसंचानेही ही चूक नोंदवली. तिचे मूळ न्यूटनचा तिसरा नियम न मुरण्यात आहे, ग्रे किंवा द्यु फे यांच्या गोष्टीने ती जाणार नाही. मुलाची बुद्धी इतिहासाची पावले जशीच्या तशी गिरवते असा दावाही इथे नाही. दावा इतकाच की ज्या प्रयोगाने जुनी समजूत मोडली तो प्रयोग आजही ती मोडतो.

२७/ दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो विज्ञानाच्या इतिहासकाराकडूनच येतो. पाठ्यपुस्तके इतिहास पुसतात हे थॉमस कूनने स्पष्ट लिहिले. त्याच वेळी, असे एकमार्गी, रूढिबद्ध शिक्षणच कार्यक्षम संशोधक घडवते असेही त्याने मांडले. हे खरे मानले तरी प्रश्न उरतो, की किती जणांसाठी? बारावीच्या वर्गातील बहुसंख्य मुले संशोधक होणार नाहीत. थोड्यांच्या कार्यक्षमतेसाठी इतरांना 'ढ' ठरवणे, ही किंमत कोणी विचारून आकारलेली नाही.

२८/ यावर उपाय कोणाला सुचलाच नव्हता असेही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी विज्ञानातील ऐतिहासिक प्रकरणे शिकवण्याचा उपक्रम हाती घेतला. १९५७ च्या संग्रहात विद्युतप्रभाराच्या कल्पनेवरचे रोलर पितापुत्रांचे प्रकरण आहे. ते ग्रीकांपासून कूलोमपर्यंत जाते, म्हणजे नेमकी गाळलेली वर्षेही त्यात येतात. परंतु तो अभ्यासक्रम विज्ञान न घेणाऱ्यांसाठी होता! ज्यांना विद्युतेशी कर्तव्य नव्हते त्यांना तिचा इतिहास मिळाला. ज्यांना होते त्यांना सूत्रे मिळाली. हीच विभागणी आजवर चालत आली आहे.

२९/ तिसरा आक्षेप 'वेळ नाही' असा. प्रवेशपरीक्षेच्या शर्यतीत हा शब्द ब्रह्मवाक्य ठरतो. पण खर्च किती? थर्माकोलचा तुकडा, लोकरी मफलर, स्टीलची थाळी आणि तिला मूठ म्हणून चिकटवलेला प्लास्टिकचा पेला एवढ्यात व्होल्टाचे १७७५ चे विद्युतभारक यंत्र तयार होते. थर्माकोल एकदा घासला की थाळीतून पुन्हापुन्हा ठिणगी काढता येते. 'ऊर्जा कुठून आली?' हा प्रश्न वर्गातूनच उठतो. उत्तर थाळी उचलणाऱ्या हातात असते. पण ते तिथे आहे हे शोधताना प्रवर्तन, अक्षय्यता आणि विभव एकाच बैठकीत भेटतात.

३०/ हंगामही महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात शाळा-महाविद्यालये जूनमध्ये उघडतात. कोकणात, मुंबईत तेव्हा हवा पाण्याने जड असते. घासलेला कंगवा क्षणात प्रभार गमावतो आणि 'प्रयोग फसला' म्हणून शिक्षक फळ्याकडे वळतात. हा धडा हिवाळ्यात शिकवला तर कागद खरोखर उडतात. आणि पावसाळ्यातच शिकवायचा असेल तर फसलेला प्रयोगही शिकवावा. ग्रे फसलेल्या तारेकडे पाहत राहिला, कूलोमने गळतीच मोजली.

३१/ शेवटी इतिहासप्रेमी तरुणांसाठी एक आग्रह. लढायांच्या तारखा, किल्ल्यांची नावे आणि तहांची कलमे यांवर रात्ररात्र वाद घालणाऱ्यांनी प्रयोगशाळेलाही इतिहासाचे रणांगण मानावे. तिथेही चुकीचे अंदाज आहेत, हुकलेल्या संधी आहेत, अपमानित गिरणीवाले आणि विस्मृत रंगारी आहेत. भौतिकशास्त्राच्या वर्गात बसलेल्या मित्राला कागदाच्या कपट्याचे कोडे सुटत नसेल, तर त्याला आणखी एक सूत्र देऊ नये. तुटलेल्या रेशमी धाग्याची हकिगत सांगावी. तो ढ नाही; तो १७२९ मध्ये उभा आहे, आणि तिथून पुढचा रस्ता माहीत असलेला कोणीतरी सोबत असणे एवढीच त्याची गरज आहे.

(धागा समाप्त)